बीएआरसीची ओसीईएस भरती आणि मुलाखत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेटचा, म्हणजे इंजिनिअरिंग-विज्ञानाच्या मुलांच्या देशपातळीवरच्या परीक्षेचा, निकाल लागला की शेवटच्या वर्षाच्या मुलांचे तेच ते प्रश्न सुरू होतात. मुलाखतीचं पत्र आलं की ते दुप्पट होतात आणि मग घरचेही विचारायला लागतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. हे अधिकृत माहितीपत्रक नाही. तारखा, कटऑफ आणि नियम यांच्यासाठी त्या वर्षीची जाहिरात उघडायची आणि शेवटच्या पानापर्यंत वाचायची.

ओसीईएस म्हणजे नक्की काय?

भाभा अणुसंशोधन केंद्राच्या (बीएआरसी) ट्रेनिंग स्कूलमधला एक वर्षाचा अभ्यासक्रम. इंजिनिअरिंगचे पदवीधर आणि विज्ञानाचे एमएस्सी झालेले यांना इथे घेतात, वर्षभर शिकवतात आणि मग ‘सायंटिफिक ऑफिसर सी’ या पदावर अणुऊर्जा विभागात नेमतात. होमी भाभांनी हे स्कूल १९५७ मध्ये सुरू केलं. त्या वेळी देशात अणुभट्टीवर काम केलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती आणि बाहेरून आणायची सोय नव्हती, तेव्हा आपली आपणच घडवायची असं ठरलं. भरतीची पद्धत आजही त्याच विचारावर चालते: आधी शिकण्याची कुवत बघायची, विषय नंतर शिकवायचा. मुलाखत अशी का असते, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

याच भरतीतून डीजीएफएस नावाची दुसरी वाटही निघते. तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

अर्ज कोणाला करता येतो?

इंजिनिअरिंगच्या शाखांसाठी बीई किंवा बीटेक, किमान ६० टक्के. शेवटच्या वर्षाला असाल तरी चालतं, फक्त निकाल ठरलेल्या तारखेच्या आत हातात हवा. ज्यांच्या विद्यापीठाचे निकाल ऑगस्ट उजाडला तरी लागत नाहीत, त्यांनी ही तारीख आधी बघावी. वयाची अट खुल्या प्रवर्गाला २६, ओबीसीला २९ आणि अनुसूचित जाती-जमातींना ३१ वर्षं, त्या वर्षीच्या १ ऑगस्टला धरून. मेकॅनिकल, केमिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, सिव्हिल, इन्स्ट्रुमेंटेशन, मेटलर्जी या मुख्य शाखा. तुमच्या डिग्रीवर शाखेचं भलतंच लांबलचक नाव असेल, तर जाहिरातीतला समकक्ष शाखांचा तक्ता पाहा. अंदाजाने अर्ज भरू नका.

गेट द्यायची की त्यांची ऑनलाइन परीक्षा?

दोन्ही. मुलाखतीपर्यंत जायला दोन स्वतंत्र दरवाजे आहेत, एक बंद झाला तर दुसरा असतो. ऑनलाइन परीक्षेत १०० प्रश्न, दोन तास, बरोबर उत्तराला ३ गुण आणि चुकलं तर १ गुण वजा. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटही मिळत नाही. गेटमध्ये लांब गणितं सोडवायची सवय लागलेली मुलं इथे वेळेत मार खातात. या परीक्षेला संकल्पना पक्क्या हव्यात आणि हात चपळ हवा.

गेटचा कटऑफ शाखेनुसार वेगळा असतो आणि दरवर्षी हलतो. मागच्या वर्षीच्या आकड्यावर यंदाचं गणित मांडून अर्जच न करणारे भेटतात, तेव्हा वाईट वाटतं. अर्जाची फी ५०० रुपये आहे. मुलींना, अनुसूचित जाती-जमातींना आणि दिव्यांग उमेदवारांना तीही नाही.

गेटला रँक चांगला आहे. मुलाखतीत त्याचा उपयोग होईल ना?

शून्य. अंतिम निवड केवळ मुलाखतीतल्या कामगिरीवर होते. गेटचे किंवा ऑनलाइन परीक्षेचे गुण तुम्हाला दारापर्यंत आणून सोडतात, पुढच्या यादीत ते धरत नाहीत. त्यामुळे पहिल्या शंभरात आलेला मुलगा बाहेर राहतो आणि कटऑफवर कसाबसा टिकलेली मुलगी आत जाते, हे दरवर्षी होतं. यावर रागावणारे बरेच आहेत. मला ही पद्धत पटते. तीन तासांच्या परीक्षेत जे दिसत नाही ते पाऊण तास समोर बसवलं की दिसतं, आणि ज्याला तीसेक वर्षं सांभाळायचं त्याला पाऊण तास देणं काही जास्त नाही.

मुलाखतीला किती विषय तयार करू?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. गेटचा अख्खा अभ्यासक्रम पुन्हा उपसायला बसतात. मुलाखतीत तुम्हाला तुमच्या आवडीचे विषय विचारतात आणि सुरुवात तिथूनच होते. दोन विषय असे हवेत की कुठूनही खणलं तरी पाणी लागेल, आणि आणखी दोन-तीन असे की पायाभूत गोष्टींत अडखळणार नाही. बाकीचं सोडून द्या.

विषय निवडताना ‘सोपा कोणता’ हा विचार नको. सोपा विषय सगळेच सांगतात आणि पॅनेलने त्यातले खाचखळगे वर्षानुवर्षं पाहिलेले असतात. ज्या विषयात तुम्हाला स्वतःला प्रश्न पडले होते, जो शिकताना तुम्ही शिक्षकांशी वाद घातला होता, तो घ्या. मेकॅनिकलवाले सहसा थर्मोडायनॅमिक्स, फ्लुइड, हीट ट्रान्सफर किंवा स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समधून निवडतात. इलेक्ट्रिकलवाले मशीन्स, पॉवर सिस्टिम्स, कंट्रोल. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी नेटवर्क थिअरी ‘सोपी आहे’ म्हणून बाजूला ठेवू नये. अॅनालॉगचा प्रत्येक प्रश्न दोन पायऱ्या खाली गेला की तिथेच पोचतो.

मग त्या दोन विषयांचं काय करायचं? प्रत्येक सूत्र कोऱ्या कागदावर मुळापासून काढा आणि दर ओळीला थांबून विचारा: इथे काय गृहीत धरलं? ते धरलं नाही तर काय होईल? एकक जुळतं का? टोकाला नेलं, म्हणजे एखादी राशी शून्य केली किंवा अनंताकडे ढकलली, तर उत्तर पटतं का? बर्नुलीचं समीकरण पाठ असलेली मुलं पोत्याने मिळतात. ते कुठे लावू नये हे सांगणारी शोधावी लागतात.

आत नेमकं काय होतं?

चार-पाच किंवा त्याहून जास्त तज्ज्ञ समोर असतात. कागद किंवा बोर्ड आणि पेन देतात. सुरुवातीला ओळख, कॉलेज, आवडते विषय, आणि मग थेट प्रश्न. अर्धा तास ते तासभर चालतं, कधी जास्तही. बहुतेक वेळ तुम्ही आकृत्या काढत असता.

प्रश्न कसा सरकतो ते एका उदाहरणावरून बघा. समजा तुम्ही हीट ट्रान्सफर म्हणालात. एक लांब गोल सळई आहे, तिच्या आत सगळीकडे सारखी उष्णता तयार होते आहे आणि बाहेरून पाणी वाहतं आहे. तापमानाचा आलेख काढा. तुम्ही मध्यावर उंच आणि कडेला उतरता असा पॅराबोला काढता. मध्यावर उतार शून्य का? सममिती. ठीक. आता मधलं आणि पृष्ठभागाचं तापमान यांतला फरक काढून दाखवा. तुम्ही समीकरण मांडता, दोनदा इंटिग्रेट करता आणि सूत्र येतं: दर घनमीटरला तयार होणारी उष्णता गुणिले त्रिज्येचा वर्ग, भागिले वाहकतेची चौपट.

इथवर पुस्तक आहे. खरा प्रश्न आता येतो. सळईची त्रिज्या दुप्पट केली, पण मीटरभर लांबीतून निघणारी उष्णता तेवढीच ठेवली, तर हा फरक किती होईल? सूत्रात वर्ग दिसतो, तोंडातून ‘चौपट’ निसटतं. समोरून कोणीतरी शांतपणे म्हणतं, नक्की? तेव्हा कागदाकडे बघायचं. मीटरमागची उष्णता तीच ठेवायची तर दर घनमीटरची उष्णता एक चतुर्थांश होते. त्रिज्या वरखाली कटून जाते. फरक जसाच्या तसा राहतो, सळई बारीक असो की जाड.

मग पुढचा: असं असेल तर अणुभट्टीत इंधनाच्या सळया इतक्या बारीक का करतात? इंधन तेवढंच ठेवून सळया बारीक केल्या की एकूण लांबी वाढते. मग प्रत्येक मीटरच्या वाट्याला कमी उष्णता येते आणि मधलं तापमान खाली येतं. पाण्याला टेकणारा पृष्ठभागही वाढतो. हे उत्तर कुठल्याही गाइडमध्ये पाठ केलेलं नसतं, आणि असण्याची गरजही नाही. तुम्ही स्वतः काढलेल्या सूत्रातून ते तिथल्या तिथे निघतं. पॅनेलला हेच बघायचं असतं.

यात ‘चौपट’ म्हणाल्याने कोणी नापास होत नाही. ‘चौपटच’ म्हणून अडून बसल्याने होतं.

येत नसेल तर काय म्हणू?

‘सर, हे मला माहीत नाही.’ पूर्णविराम. पण दोन प्रकार वेगळे ठेवा. एखादी माहितीच नाही, उदाहरणार्थ एखाद्या मिश्रधातूचं प्रमाण, तर सरळ नाही म्हणा, वेळ घालवू नका. पण विचाराने काढता येण्यासारखं असेल तर ‘थेट उत्तर माहीत नाही, पण असा प्रयत्न करतो’ म्हणून मोठ्याने विचार करा. गप्प बसून मनात गणित केलं तर समोरच्यांना फक्त एक घाबरलेला चेहरा दिसतो. ते इशारा देतात, एकदा नाही, दोन-तीनदा. तो पकडायला तुम्ही काय विचार करताय हे त्यांना कळायला हवं.

थापा मारू नका. ज्याने त्या विषयात हयात घालवली आहे तोच समोर बसलेला असू शकतो.

न्यूक्लिअर फिजिक्स करून जावं लागतं का?

इंजिनिअरिंगच्या मुलांना नाही. ते वर्षभरात शिकवतात. पण जिथे नोकरी मागताय तिथे काय चालतं हे साधारण माहीत असावं. अप्सरा ही देशातली पहिली अणुभट्टी, १९५६ मध्ये चालू झाली. सायरस १९६० ची, ध्रुव १९८५ ची. तारापूरच्या पहिल्या दोन युनिट्समधून १९६९ पासून वीज मिळू लागली. आपल्याकडच्या बऱ्याच अणुभट्ट्यांत जड पाणी (साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेलं पाणी) का वापरतात, देशाचा तीन टप्प्यांचा अणुऊर्जा कार्यक्रम आणि थोरियम यांचा संबंध काय, एवढं चार वाक्यांत सांगता यावं. केमिकलवाल्यांनी जड पाणी साध्या पाण्यापासून वेगळं करणं इतकं अवघड का, यावर जरूर विचार करून जावं.

‘तुमचे दोष सांगा’ छापाचे प्रश्न येतात का?

फारसे नाहीत. ‘इथे का यायचंय’ हे विचारतील, आणि चांगली नोकरी लागली असेल तर ‘ती सोडून इथे टिकाल का’ हेही. खरं सांगा. देशसेवेचं भाषण त्यांनी त्या दिवशी आधीच बऱ्याचदा ऐकलेलं असतं.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवर मात्र विचारतात. चौघांनी मिळून केलेल्या प्रोजेक्टमध्ये तुम्ही नक्की काय केलं, हा प्रश्न भल्याभल्यांना घाम फोडतो. विकत आणलेला प्रोजेक्ट असेल तर तो कधी उघडा पडला हे तुम्हालाही कळणार नाही.

इंग्रजी कच्चं आहे, कॉलेजही तालुक्याचं. टिकाव लागेल?

इंग्रजीचं टेन्शन गरजेपेक्षा जास्त घेतलं जातं. तांत्रिक शब्द इंग्रजीच असतात, ते तुम्हाला येतातच. त्यांना जोडणारी चार क्रियापदं चुकली तरी आकृती बरोबर असली की काम होतं. वाक्य अडलं तर कागदावर काढून दाखवा.

कॉलेजच्या नावाने पॅनेल प्रभावित होत नाही, आणि दबतही नाही. छोट्या कॉलेजच्या मुलांची खरी अडचण वेगळी असते: त्यांना उलट प्रश्न विचारणारं कोणी भेटलेलं नसतं. तोंडी परीक्षेत ‘व्याख्या सांग’ यापुढे कोणी गेलेलं नसतं. यावर उपाय स्वस्त आहे. दोन मित्र गाठा, एक फळा मिळवा आणि रोज तासभर एकमेकांना ‘का?’ विचारा. महागड्या मॉक इंटरव्ह्यूपेक्षा याचा उपयोग जास्त होतो, हे अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

कागदपत्रांत मुलं कुठे अडकतात?

जातीच्या दाखल्यात, आणि तीही नेमकी महाराष्ट्रातली मुलं. ही केंद्राची भरती आहे. तहसीलमधून मिळालेलं राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र इथे चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा काढावा लागतो आणि तुमची जात केंद्राच्या यादीत असावी लागते. व्हीजेएनटी, एसबीसी हे प्रवर्ग राज्याचे आहेत, केंद्रात या नावांचे रकानेच नाहीत. यांतल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, पण आपली आहे का हे स्वतः तपासा. एसईबीसीचंही तसंच. तो दाखला फक्त राज्यात चालतो. केंद्रासाठी ईडब्ल्यूएसच्या निकषात बसता का ते बघा, आणि ईडब्ल्यूएसला वयात सवलत नसते हेही लक्षात घ्या.

हे सगळं मुलाखतीचं पत्र आल्यावर करायला घेतलं तर सेतू केंद्राच्या चकरा आणि विषयाची उजळणी एकाच आठवड्यात येतात. अर्ज भरतानाच दाखला काढायला टाका.

मुलाखतीला मुंबईत कुठे जायचं? कपडे काय घालू?

ट्रेनिंग स्कूल अणुशक्तीनगरला आहे. हार्बर लाइनवर मानखुर्द जवळचं स्टेशन. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी आदल्या दिवशी पोचावं. फोन आत नेता येणार नाही असंच धरून चला आणि पत्ता, संपर्क क्रमांक कागदावर लिहून ठेवा. कपडे स्वच्छ, इस्त्रीचे आणि ज्यात घाम आला तरी जीव गुदमरणार नाही असे. उन्हाळ्याच्या मुंबईत उसना कोट घालून कोणाचंही भलं झालेलं नाही.

ओसीईएस घेऊ की डीजीएफएस?

डीजीएफएसमध्ये आधी दोन वर्षं आयआयटीसारख्या ठरावीक संस्थांपैकी एकीत एमटेक करायचं, फी विभाग भरतो आणि स्टायपेंडही मिळतो. त्यानंतर चार महिने ट्रेनिंग स्कूल आणि मग नेमणूक. मुलाखत दोन्हींसाठी एकच. त्या संस्थेतला प्रवेश मात्र तुम्हाला स्वतः मिळवावा लागतो, म्हणून गेटचा स्कोअर इथे कामाला येतो.

माझं मत विचाराल तर ज्याला एका विषयात खोल जायचं आहे आणि तो विषय कोणता हे ठाऊक आहे, त्याने डीजीएफएस घ्यावं. बाकीच्यांनी ओसीईएस. इथेही होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटचा पदव्युत्तर डिप्लोमा मिळतो आणि पुढे प्रोजेक्ट करून एमटेक पूर्ण करता येतं.

निवड झाली की नोकरी पक्की ना?

जवळजवळ. आधी वैद्यकीय तपासणी आणि पोलीस पडताळणी. मग वर्षभर अभ्यास, आणि तो हलका नाही: परीक्षा एकामागून एक येतात आणि सरासरी किमान ५० टक्के मिळवावेच लागतात. कॉलेजात शेवटच्या रात्री अभ्यास करून निभावलेली मुलं पहिल्या महिन्यातच हबकतात. या काळात स्टायपेंड असतो. नेमणूक गट अ राजपत्रित पदावर, सातव्या वेतन आयोगाच्या दहाव्या लेव्हलवर होते, म्हणजे मूळ वेतन ५६,१०० रुपये आणि वर भत्ते. किमान तीन वर्षं सेवेचं बंधपत्र लिहून द्यावं लागतं. पुढची बढती जागा रिकामी होण्यावर अवलंबून नसते, कामाचं मूल्यमापन होऊन मिळते. त्यासाठीही मुलाखत असतेच, तेव्हा ही सवय लावून घेतलेली बरी.

पोस्टिंग मुंबईतच मिळेल का?

सांगता येत नाही. मुंबईशिवाय कल्पाक्कम, इंदूर, हैदराबाद, कोलकाता, आणि जड पाण्याचे किंवा विजेचे प्रकल्प जिथे आहेत तिथेही जावं लागू शकतं. तुमची पसंती, गुण आणि तिकडची गरज यांवर ते ठरतं. ‘मुंबईच हवी’ असं असेल तर अर्जाआधीच स्वतःशी नीट विचार करा.

आई-बाबा म्हणतात रेडिएशनमुळे आजार होतील. काय सांगू?

आकडे सांगा. जगात माणसाला नुसतं जगताना, जमिनीतून, हवेतून आणि आकाशातून, वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतोच. किरणोत्सर्गी क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी आपल्या नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० आणि कुठल्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट आहे. अशा ठिकाणी काम करणाऱ्याच्या छातीवर बिल्ला असतो, तो ठरावीक काळाने तपासला जातो आणि नोंद ठेवली जाते. शिवाय निवड झालेल्यांपैकी कितीतरी जण संगणक, रोबोटिक्स, इलेक्ट्रॉनिक्स किंवा बांधकामावर काम करतात, त्यांचा किरणोत्सर्गी पदार्थांशी रोजचा संबंध येतही नाही. एवढं सांगूनही आईचं समाधान होणार नाही. तिला कॉलनीत राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाशी बोलू द्या, ते जास्त कामाचं ठरतं.

यंदा झालं नाही तर?

वयात बसत असाल तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो. पहिल्या मुलाखतीत कुठे अडलात ते बाहेर पडल्या पडल्या लिहून काढा, प्रश्नाच्या शब्दांसकट. संध्याकाळपर्यंत थांबलात तर आठवणीत फक्त ‘वाईट गेला’ एवढंच उरतं. वर्षभर घरी बसून मात्र थांबू नका. एनपीसीआयएल ही अणुवीज केंद्रं चालवणारी सरकारी कंपनी गेटच्या गुणांवर वेगळी भरती करते, इस्रो आणि डीआरडीओच्या जाहिराती निघतात, आणि मिळालेली नोकरी करत करतही ही तयारी जमते. नोकरीत वर्ष काढलेल्यांना पॅनेल त्या कामावरच प्रश्न विचारतं. प्लांटमधला पंप का बंद पडत होता हे मुळापासून सांगता आलं, तर विषय कोणता घ्यायचा हा प्रश्नही सुटतो.